ढाणकीच्या स्टुडिओतल्या जुन्या काचा

आमच्या ढाणकीत लेन्स कधी नवी आलीच नाही. कॅमेरे आले नि गेले, स्टुडिओच्या पाट्या बदलल्या, पडद्यावरचा ताजमहाल जाऊन तिथं काश्मीरचं तळं आलं. काच मात्र नेहमी कोणाच्या तरी हाताखालची. एकाची नांदेडच्या स्टुडिओतून, दुसऱ्याची हैदराबादहून, तिसऱ्यानं मुंबईला बोरा बाजारात जाऊन घासाघीस करून आणलेली. जुनी लेन्स घ्यावी का, हा प्रश्न आज हौशी पोरांना नवा वाटतो. आमच्या धंद्यात तो सुरुवातीपासूनच होता. त्याचं उत्तर जितकं काचेत असतं, तितकंच ती काच कोणत्या वाटेनं इथवर आली यातही असतं.

हे सांगायचं निमित्त माझा पुतण्या. तो लग्नं करतो, म्हणजे लग्नाचे फोटो. त्याच्याकडं सोनीचा मिररलेस कॅमेरा आहे, ड्रोन आहे, आणि पाऊस सरला की नवरा-नवरीला सहस्रकुंडावर नेऊन धबधब्यापुढं उभं करायचं काम त्याला पुष्कळ असतं. हदगावकडं एक जुना स्टुडिओ बंद पडला. मालक वारले, पोरं पुण्याला नोकरीत, सामान विकायला निघालं. त्यातल्या दोन लेन्सांचे फोटो त्यानं मोबाइलवर दाखवले. एक पितळेची, स्टँड कॅमेऱ्यावरची, मूठभर जाड. दुसरी काळी, रशियन, हेलिओस ४४-२. दोन्ही मिळून गठ्ठ्यानं सहा हजार.

"काकाजी, घ्यावं का?"

मी म्हटलं, पाहून सांगतो. आणि पाहायच्या आधीच मला अर्धं उत्तर माहीत होतं.

आधी गावाचं सांगतो. ढाणकी उमरखेड तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. जिल्ह्याचं ठिकाण लांब, नांदेड जवळ. बिटरगावकडं निघालं की पैनगंगेचं खोरं आणि अभयारण्याचं जंगल लागतं, नदी ओलांडली की हिमायतनगर, म्हणजे मराठवाडा. आज ही नुसती जिल्ह्याची शीव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत ही दोन राज्यांची हद्द होती. अलीकडं आधी इंग्रजांच्या, मग भारताच्या अमलातला वऱ्हाड, पलीकडं निजामाचं हैदराबाद. वऱ्हाडही मुळात निजामाचाच. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ साली त्यानं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. त्यामुळं नदीच्या एका अंगाला कलदार रुपया चाले, दुसऱ्या अंगाला हाली. सहा कलदाराला सात हाली हा सरकारी हिशेब. आजोबा दोन्ही नाणी वेगवेगळ्या कशात बांधून ठेवत, असं वडील सांगायचे.

राज्य अलीकडचं असलं तरी माल पलीकडून येई. रेल्वे हिमायतनगरला. नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी, पण आमच्यासाठी ती कागदावरच. फोटोच्या सामानाची आमची पेठ म्हणजे नांदेड आणि त्याच्या मागं हैदराबाद. आणि हैदराबादला फोटोचा मान मोठा होता. राजा दीनदयाळ हे मूळचे सरधन्याचे, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता फोटोकडं वळले. १८८६ च्या सुमाराला त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ उघडला आणि सहाव्या निजामाचे, महबूब अली खानाचे, दरबारी फोटोग्राफर झाले. पडद्यातल्या बायकांसाठी त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तो एक इंग्रज बाई चालवायच्या. दीनदयाळ १९०५ साली गेले. त्या शहरात फोटो हा दरबारी मानपानाचा भाग झाला, म्हणून तिथं काचा चांगल्या आल्या. तिथल्या स्टुडिओवाल्यांनी नवं घेतलं की जुनं नांदेड-परभणीला उतरे, आणि नांदेडवाल्यानं नवं घेतलं की त्याचं जुनं आमच्यासारख्यांकडं.

वडील नांदेडला एका स्टुडिओत पोऱ्या म्हणून राहिले, फोटो पक्का करायच्या हायपोच्या बादल्या उचलून शिकले, आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटाला ढाणकीत बाजाराच्या कडेला एक खोली घेऊन बसले. कॅमेरा सेकंडहँड. पेटी केरळची, अलेप्पीला बनलेली वागीश्वरी: सागवान आणि पितळ, मागं कापडी भाता, खाली तिवई. चाळीसच्या दशकात निघालेला तो कारखाना पुढं ऐंशीच्या दशकापर्यंत चालला. देशभरातल्या छोट्या स्टुडिओंना त्यानं जगवलं म्हटलं तरी चालेल. पेटी देशी, पण तोंडाला लावायची काच विलायतीच. वडिलांच्या काचेवरचं नाव पुसून पुसून गेलेलं होतं. घडण मात्र ओळखू येई: रॅपिड रेक्टिलिनियर.

ही घडण लंडनच्या डॉलमेयरनं आणि म्युनिकच्या स्टाइनहाइलनं १८६६ साली, एकमेकांना न विचारता, एकाच वर्षी काढली. दोन सारख्या जोडकाचा समोरासमोर बसवायच्या आणि मधे छिद्र ठेवायचं. एक काच जी रेघ वाकडी करील ती दुसरी सरळ करते. घराच्या भिंती, दाराच्या चौकटी फोटोत सरळ उभ्या राहू लागल्या, म्हणून नावात 'रेक्टिलिनियर'. घडण सोपी आणि स्वस्त, त्यामुळं पुढची पन्नास-साठ वर्षं जगातल्या कितीतरी स्टुडिओंत हीच असेल. हिची एक गंमत अशी की पुढची जोडकाच आटे फिरवून काढून टाकली आणि नुसती मागची ठेवली तर जवळपास दुप्पट लांबीची लेन्स मिळते. वडील तशी वापरत. एका लेन्सच्या पैशात दोन.

तिच्यावरचे आकडे नव्या माणसाला फसवतात. आज आपण एफ ८, एफ ११, एफ १६ म्हणतो. जुन्या इंग्रजी पितळी लेन्सांवर पुष्कळदा 'यू. एस.' पद्धत असते, लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं १८८१ साली ठरवलेली. तिच्यात ४ म्हणजे आपला एफ ८, ८ म्हणजे एफ ११, आणि १६ तेवढा दोन्हींत १६. विकणारा "एफ चारची लेन्स आहे साहेब" म्हणून भाव चढवतो, आणि असते ती एफ ८ ची. हदगावच्या पितळी लेन्सच्या फोटोत ४ चा आकडा दिसत होता. पुतण्या त्याच्यावरच खूष होता.

वडिलांच्या काचेला शटर नव्हतं. काळ्या फडक्यात डोकं घालून दुधी काचेवर उलटं चित्र नीट करायचं, प्लेट सरकवायची, मग बाहेर येऊन टोपी काढायची आणि परत लावायची. किती वेळानं? वडील सेकंद मोजत नसत, "विठ्ठल" म्हणत. कडक ऊन असलं तर दोन विठ्ठल, ढग आले की पाच, आषाढात कधी कधी दहा. खोलीला वरून पत्र्याऐवजी एका बाजूला काच आणि तिच्याखाली धुवट मांजरपाट ताणलेला. गावात वीज येऊनही कित्येक वर्षं आमचा खरा दिवा तोच. विठ्ठल चालू असताना पोरानं मान हलवली की दोन डोकी निघायची.

त्या काळच्या प्लेटींना आणि स्वस्त फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल ते काळं उठे. तुमच्या घरात आजीचा जुना फोटो असेल तर पाहा: कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट, ओठ काळपट, आणि देवीचे व्रण होते त्याहून खोल. म्हणून निगेटिव्हवर पेन्सिलनं काम करावं लागे. मऊ शिशाची पेन्सिल, भिंगाखाली, ठिपक्याला ठिपका लावत. मुलीचा फोटो स्थळाकडं पाठवायचा असला तर वडील अर्धा अर्धा दिवस तेवढंच करत बसत. काच थोडी मऊ असली, सगळे कंगोरे दाखवणारी नसली, तर हे काम कमी होई. म्हणजे आज जो दोष म्हणून सांगितला जातो तो त्या धंद्यात मजुरी वाचवणारा गुण होता. पारखताना हे ध्यानात ठेवावं. लेन्स चांगली की वाईट हे एकट्या लेन्सवर ठरत नाही; पुढं कोणती फिल्म, कोणता उजेड, किती मोठा कागद, यावर ठरतं.

कागदाचीच गोष्ट घ्या. फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच, हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा. निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो. चौकटीत निगेटिव्हखाली कागद दाबून उन्हात ठेवला की छापला गेला. वाढवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून काचेची बारीक खोट कधी उघडी पडत नसे. डेव्हलपरचं पाणी वीस अंश हवं म्हणून पुस्तकात लिहिलेलं. आमच्याकडं मे महिन्यात नळाचं पाणीच पस्तिशीला जातं. मग माठातलं पाणी, ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या बाटल्या आणि हायपोत तुरटी, नाहीतर निगेटिव्हवरचा थर सुटून पाण्यात तरंगायचा. एवढ्या सगळ्यातून फोटो सुखरूप निघाला की काचेबद्दल कोणी तक्रार करत नसे.

आता तीच पितळी लेन्स पुतण्याच्या कॅमेऱ्यावर लावायची. त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. फुल प्लेटवर पसरायला केलेल्या काचेचा मधला इवलासा तुकडाच वापरला जाणार, आणि तोही पडद्यावर कितीतरी पट वाढवून पाहिला जाणार. वर ती लेन्स जवळजवळ बारा इंच लांबीची, म्हणजे तीनशे मिलिमीटर. छातीपर्यंतचा फोटो घ्यायचा तर नवरीपासून पंधरा-वीस फूट मागं सरावं लागेल. मंगल कार्यालयात मधून वाढपी जातील. भाता नाही, अ‍ॅडॅप्टर घरी बनवून घ्यावा लागेल. माझं मत तेव्हाच झालं होतं: ही त्याच्या कामाची नाही. ज्याच्याकडं मोठा कॅमेरा आहे, त्यानं घ्यावी. शोभेला ठेवणाऱ्यानं घ्यावी. एकेकाळी अशा लेन्सा पितळेच्या भावानं भंगारात गेल्या, ते पाहवत नसे. आता त्या हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात, तेही फारसं पाहवत नाही.

काळ्या लेन्सची वाट निराळी. तिच्यामागं दिल्लीतले निर्णय आहेत.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला सुरुवात झाली आणि १९५७ पर्यंत देशाची परकीय गंगाजळी आटत आली. सरकारनं चैनीच्या मालाची आयात आवळली. कॅमेरा त्यातच मोडला. जपान, जर्मनी कितीही चांगलं करोत, आपल्याकडं ते यायचं तर परवान्यानं, किंवा परदेशातून परतणाऱ्याच्या पेटीतून, किंवा समुद्रावरून रात्री. देशी माल होता. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीज अ‍ॅग्फाचा क्लिक-थ्री बनवायची; १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, साधी काच, घरोघरी तोच. कलकत्त्याला जादवपूरच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सनं नॅशनल ३५ काढून पाहिला. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स उभी राहिली आणि १९६७ पासून 'इंदू' नावाची फिल्म आणि कागद मिळू लागला. पण धंद्याला चालेल अशी, काढता-घालता येणारी चांगली लेन्स देशात कोणी केली नाही.

ती भरपाई रशियानं केली. डिसेंबर १९५३ मध्ये भारत-सोव्हिएत व्यापारी करार झाला. पुढं या व्यापाराचा हिशेब रुपयात चालू लागला. डॉलर नको, पौंड नको. आपण चहा, ताग, कातडं, पुढं होजिअरी पाठवायची, त्यांनी यंत्रं पाठवायची. या मैत्रीतून भिलाईचा पोलाद कारखाना आला, स्वस्त गुळगुळीत पुस्तकं आली, आणि त्याच वाटेनं झेनिट कॅमेरे आले. रुपयात मिळणारा एसएलआर आमच्याकडं दुसरा कोणता दिसत नव्हताच म्हणा.

झेनिट-ई १९६५ ला निघाला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा कारखाना, नंतर बेलारूसमध्येही बनू लागला. सगळे मिळून ऐंशी लाखांवर निघाले. जड लोखंडी प्रकरण. गळ्यात दिवसभर अडकवला की संध्याकाळी मान धरायची. शटरचे वेग पाचच, तीसपासून पाचशेपर्यंत. पण त्याच्या तोंडावरची काच, हेलिओस ४४, ही खानदानी. तिची घडण जर्मनीत येनाच्या त्साइस कारखान्यातल्या बायोटारची. विली मेर्टे यांनी १९२७ साली बायोटार काढली, तिची ५८ मिलिमीटर एफ २ ही आवृत्ती तीसच्या दशकात आली. युद्ध संपलं, जर्मनी हरली, येनातली यंत्रं, नकाशे आणि माणसं रशियात गेली, आणि बायोटारची हेलिओस झाली. चार गटांत सहा काचा. हिटलरच्या काळात जर्मनीत आखलेली, स्टालिननंतरच्या रशियात ओतलेली आणि नेहरूंच्या करारानं उघडलेल्या वाटेवरून आलेली काच मी बंजारा तांड्यावरच्या लग्नात वापरली. तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मला तिचे आटे तेवढे ठाऊक होते.

माझा झेनिटही सेकंडहँडच, नांदेडच्या एका वार्ताहराकडून ऐंशीच्या दशकात घेतलेला. ४४-२ या लेन्सला छिद्राची दोन कडी असतात. पहिल्यावर हवा तो आकडा लावायचा, समजा आठ. दुसरं कडं मोकळं फिरतं: पूर्ण उघडं ठेवून स्वच्छ उजेडात फोकस करायचं, मग न बघता बोटानं ते फिरवायचं, आठवर टक्कन अडतं, आणि बटण दाबायचं. हाताला सवय लागली की अंतरपाट दूर व्हायच्या घाईतही जमतं. सवय नसली की अक्षता पडून जातात आणि छिद्र उघडंच.

उमरखेड-पुसद पट्ट्यात बंजारा समाज मोठा. त्यांच्या बायकांच्या जुन्या पेहरावावर आरशांचं काम असतं, काचळीवर, ओढणीवर. फ्लॅश समोरून मारला की प्रत्येक आरसा कॅमेऱ्यावर उलटतो आणि चेहऱ्याऐवजी ठिपकेच येतात. म्हणून फ्लॅश बंद करून त्यांना झाडाखाली आणायचं, कडुनिंबाच्या सावलीत, मागं पानांतून ऊन झिरपतंय अशा जागी. सावलीत उजेड कमी, म्हणून लेन्स पूर्ण उघडावी लागे. मग ते व्हायचं ज्यासाठी आज जगभर लोक ही लेन्स शोधतात. मधला माणूस लख्ख, आणि मागची पानं त्याच्याभोवती गोल फिरल्यासारखी. कारण असं की कडेनं तिरका येणारा उजेड लेन्सच्या नळीला घासून अर्धा कापला जातो. मधे गोल दिसणारा धूसर ठिपका कडेला लिंबासारखा निमुळता होतो, आणि ही सगळी लिंबं मध्याभोवती रिंगण धरतात. त्यात घडणीचा जुना दोषही मिसळतो.

गिऱ्हाईकाला हे मुळीच आवडत नसे. "झाड काहून गरगर फिरून राह्यलं?" असं एका नवरीच्या बापानं मला भर मांडवात विचारलं, आणि पैसे देताना तेवढे कापले. त्यानंतर मी शक्यतो आठच्या खाली उतरत नसे. आठवर रिंगण मोडतं. स्टुडिओत हा प्रश्नच नव्हता, कारण पडदा पाठीला चिकटलेला, फिरायला मागं काही नाही. आता पुतण्याला नेमकं ते गरगरणारं झाड हवंय. त्यासाठी नवरा-नवरीचे आई-बाप जादा पैसे मोजतात. मला हसू येतं, पण धंदा तोच आहे: गिऱ्हाईकाला काय दिसावंसं वाटतं ते द्यायचं.

पुढचं थोडक्यात. नव्वदीत रंगीत रोल धुवायला नांदेडच्या लॅबला जाऊ लागले, पेंटॅक्स के-१००० सारखे जपानी कॅमेरे हाताशी आले. १९९१ नंतर दारं किलकिली झाली, आणि एप्रिल २००१ मध्ये आयातीच्या प्रमाणावरचे उरलेसुरले निर्बंध उठले. मग डिजिटल आलं. झेनिट कपाटात गेले, पासपोर्ट फोटोला झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर पुरू लागला. रशियन लेन्सला त्या वर्षांत कोणी पाचशे द्यायला तयार नव्हतं.

तर हदगावकडं गेलो. पुतण्यानं मोटारसायकल काढली. स्टुडिओचे मालक माझ्या ओळखीचे होते, धंद्यातले. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, चहा टाकला आणि दोन्ही लेन्सा ओट्यावर आणून ठेवल्या.

जुनी लेन्स पाहायची ती ऊन मागं घेऊन नव्हे, अंधाऱ्या खोलीत. मोबाइलची बत्ती लेन्सच्या एका तोंडाला तिरकी धरायची, दुसऱ्या तोंडातून पाहायचं. धूळ दिसणारच, पन्नास वर्षांच्या काचेत धूळ नसेल तर ती कोणी तरी उघडली आहे असं समजावं. बुरशी कोळ्याच्या धाग्यासारखी फांद्या फुटत जाते, आणि मुरली की काचेवरचा लेप खाते. पुसली तरी डाग राहतो. मुंबई-कोकणातली लेन्स असेल तर आधी बुरशी शोधावी. आमच्याकडची असेल तर आधी तेल शोधावं. पंचेचाळीस अंशांत कपाटातसुद्धा फोकसच्या आट्यांतलं ग्रीस पातळ होतं आणि छिद्राच्या पात्यांवर उतरतं. हेलिओसच्या आठांपैकी तीन पात्यांवर तेलाची झाक होती. पुतण्याचा चेहरा पडला.

मी सांगितलं, इथं घाबरायचं नाही. ज्या लेन्समध्ये पाती स्प्रिंगनं आपोआप मिटतात, तिथं तेल म्हणजे आजारच. पाती उशिरा मिटतात आणि फोटो जळतो. ४४-२ ची पाती आपण बोटानं फिरवतो, ती जिथं ठेवू तिथं राहतात. तेल काचेवर चढून धुकं धरलं नाही ना एवढंच पाहायचं. धुकं नव्हतं. समोरच्या काचेवर पुसल्याचे बारीक ओरखडे होते; कोणी तरी शर्टाच्या टोकानं पुसत आलेला. त्यानं फोटोत काही बिघडत नाही, उन्हाकडं तोंड केलं तर थोडं पांढरं चढेल. मागच्या काचेवर असा ओरखडा असता तर मी नको म्हटलं असतं. बारीक स्क्रूंच्या खाचा कोऱ्या, म्हणजे कोणी उघडलेली नाही. नंबर ७८ ने सुरू होत होता. रशियन लेन्सांत पहिले दोन आकडे बहुधा सालाचे. शेजारी प्रिझममधून जाणाऱ्या किरणाचं चिन्ह, म्हणजे क्रास्नोगोर्स्कची. फोकसचं कडं जड फिरत होतं, ते ग्रीस बदलून होतं.

शेवटची परीक्षा लांबचं दिसतं का. पुतण्यानं मित्राकडून उसना आणलेला अ‍ॅडॅप्टर लावला आणि गावाबाहेरच्या मोबाइल टॉवरवर रोखली. इथं कॅमेऱ्याचा माउंट, म्हणजे लेन्स बसायची जागा, मधे येतो. ४२ मिलिमीटर आट्यांची ही लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसायला केलेली. कॅननच्या ईएफ माउंटच्या एसएलआरचं अंतर ४४, म्हणून तिथं पातळ अ‍ॅडॅप्टरची जागा उरते. निकॉनचं ४६.५, तिथं लेन्स आधीच लांब बसते आणि दूरचं कधीच स्पष्ट होत नाही, मधे काच घातलेला अ‍ॅडॅप्टर लावला तर लेन्सची मजा जाते. मिररलेस सोनीचं अवघं १८, भरपूर जागा. टॉवरची एकेक पट्टी सुटी दिसली. मग त्यानं छिद्र पूर्ण उघडलं आणि वहिनींना पारिजातकापुढं उभं केलं. झाड फिरलं.

पितळी लेन्सही पाहिली, न पाहता कशी सोडायची. आटे फिरवून दोन्ही जोडकाचा वेगळ्या केल्या. सारख्याच, रेक्टिलिनियरच होती. मागच्या जोडीच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग धरले होते. दोन काचा चिकटवणारा बाल्सम उन्हाळ्यांनी सुटत चालला होता. ते दुरुस्त करणारा आता जवळपास कोणी नाही. यू. एस. ४ चं गणित मी वहिनींसमोर काढलं नाही, परतताना रस्त्यात पुतण्याला सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, दोन्ही न्या ना. यांना त्या पितळेचं फार होतं." मी म्हटलं, वहिनी, ती विकायची असली तर घाई करू नका, नांदेडच्या भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. मोठ्या कॅमेऱ्यावर काम करणारी हौशी मंडळी पुण्या-मुंबईत आहेत, पोरांना त्यांच्याकडं चौकशी करायला सांगा, बाल्सम सुटलाय हेही सांगा. काळी आम्ही नेतो. तीन हजारांवरून अडीच हजारांवर आलं. त्याहून कमी मी मागू दिलं नाही.

लेन्ससोबत तिची चामड्याची पेटी होती, आत लाल मखमल. पुतण्याला ती लेन्सपेक्षा जास्त आवडली होती. ती तिथंच ठेवायला लावली. चामडं ओल धरतं, आणि मखमलीच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी आलेली होती; एका पावसाळ्यात ती काचेवर गेली असती. लेन्स स्वच्छ सुती रुमालात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून स्टीलच्या डब्यात आणली. ग्रीस बदलायचं काम पुढच्या आठवड्यात करू म्हणालो. लग्नसराई सुरू व्हायच्या आत.